करारावर सही झाली, मग आंबा विमानतळावर का अडकला?

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानानं अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. फळात खोट नव्हती, कीडही सापडली नव्हती. नवी मुंबईत त्या आंब्यांवर विकिरण प्रक्रिया, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी किरणं देणं, झालेली होती, पण त्या प्रक्रियेची नोंद ज्या फॉर्मवर असते तो नीट भरलेला नाही, असं तिकडच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं. माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा, असं सांगण्यात आलं. परत आणायचं भाडं आणि तोवर फळाची होणारी गत बघता निर्यातदारांनी आंबा तिथेच नष्ट करू दिला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं.

परदेशांशी व्यापार आणि गुंतवणूक वाढवायला सरकार काय करतं, असं विचारलं की आपल्याला हस्तांदोलनाचे फोटो आठवतात. दोन नेते, मागे दोन झेंडे, टेबलावर चामडी फायली. तो फोटो खोटा नसतो, पण खरं काम त्याच्या आधी आणि नंतर होतं आणि ते कमालीचं कंटाळवाणं असतं. बातमीत ते येत नाही, म्हणून इथे त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल

अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार बंद केलं १९८९ मध्ये. भीती होती फळमाशीची आणि कोयीतल्या भुंग्याची. हा भुंगा मोठा लबाड. कोयीत दडून बसतो, वरून फळ निर्मळ दिसतं, कापल्याशिवाय पत्ता लागत नाही. असा भुंगा आपल्या बागांत शिरू नये असं कुठल्याही देशाला वाटणारच. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीला आले तेव्हा विषय वरच्या पातळीवर मार्गी लागला आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या. त्याच सुमारास भारतानं हार्ले डेव्हिडसनसारख्या जड मोटारसायकलींच्या आयातीत धुराच्या निकषांमुळे येणारा अडथळा दूर केला. आंब्याच्या बदल्यात मोटारसायकल, असं तेव्हा बोललं गेलं आणि ते अगदीच चूक नव्हतं. व्यापाराच्या वाटाघाटीत फुकट कोणी काही देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्येही असाच सौदा झाला. आपला आंबा आणि डाळिंब तिकडे, त्यांची चेरी आणि लसूणघास इकडे.

दार उघडलं खरं, पण अटींसह. अमेरिकेनं सांगितलं की प्रत्येक फळाला ठरावीक मात्रेची, म्हणजे ४०० ग्रेची, गॅमा किरणं द्यायची, म्हणजे आत कीड असली तरी तिची पैदास होणार नाही. अशी सोय आपल्याकडे कुठे होती? लासलगावला. भाभा अणु संशोधन केंद्रानं २००२ मध्ये तिथे विकिरण केंद्र सुरू केलं होतं ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. तेच अमेरिकी कृषी खात्याच्या निकषांप्रमाणे तयार केलं. त्यामुळे कोकणातला हापूस आधी घाट चढून नाशिक जिल्ह्यात जायचा, किरणं घ्यायचा आणि मग मुंबई विमानतळाकडे उलटा यायचा. पुढे राज्य कृषी पणन मंडळाचं केंद्र वाशीला झालं तेव्हा ही यातायात कमी झाली. शिवाय हंगामभर अमेरिकेचा निरीक्षक इथे हजर पाहिजे आणि त्याचा खर्च आपण सोसायचा. कोविडच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये निरीक्षकच येऊ शकला नाही, तर दोन्ही हंगाम कोरडे गेले.

एवढं करून २०१९-२० मध्ये अमेरिकेला किती आंबा गेला? १,०९५ टन. भारतात वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास आंबा पिकतो. हिशेबानं पाहिलं तर हा सगळा खटाटोप थट्टेचा विषय वाटेल. मला तो तसा वाटत नाही, कारण या निमित्तानं पॅकहाउस, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायच्या जागा, आणि प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, तपासणीची शिस्त लागली आणि ती बाकीच्या बाजारांतही कामी येते. तरी कोकणातल्या बागायतदाराला विचाराल तर तो दुबईचं नाव आधी घेईल. तिकडे माल जास्त जातो आणि कटकट कमी.

शुल्क म्हणजे नुसता उंबरठा

आता थोडं मुळातून. परदेशातून येणाऱ्या मालावर देश जो कर घेतो ते आयात शुल्क. जागतिक व्यापार संघटनेचा मुख्य नियम असा की शुल्क सगळ्या सदस्य देशांना सारखंच लावायचं. मित्रदेश आहे म्हणून एकट्या त्यालाच सूट देता येत नाही. याला एक मोठा अपवाद आहे. दोन किंवा अधिक देशांनी आपसातल्या जवळजवळ सगळ्या व्यापारावरचं शुल्क काढायचा करार केला तर ती सूट चालते. आपण ज्याला मुक्त व्यापार करार म्हणतो तो हाच. सीईपीए, ईसीटीए, टीईपीए अशी नावं बघून घाबरायचं कारण नाही, सगळी त्याच कुळातली आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी केलेला करार १ मे २०२२ पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाचा त्याच वर्षी डिसेंबरअखेर. ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपीय संघाशी बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. याउलट चीनचा समावेश असलेल्या आरसेप या मोठ्या गटातून भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर पडला, कारण स्वस्त चिनी माल आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचं दूध यांची धास्ती.

ही बोलणी दिल्लीतलं वाणिज्य मंत्रालय करतं. परराष्ट्र व्यापार हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय आहे, त्यामुळे मुंबईत कितीही मोठी परिषद भरली तरी राज्य सरकार आयात शुल्कात एक पैसाही कमी-जास्त करू शकत नाही. राज्याच्या हातात जमीन, पाणी, वीज, रस्ते आणि सवलती. गुंतवणुकीच्या बाजूनं मात्र याच गोष्टींना महत्त्व असतं, त्याकडे नंतर येऊ.

करार झाला की पहिला पेच येतो तो मूळ देशाचा. समजा, दुबईहून येणाऱ्या मालाला शुल्क माफ आहे. मग तिसऱ्याच देशातला माल दुबईत उतरवून, खोकं बदलून भारतात आणला तर? म्हणून प्रत्येक करारात लिहिलेलं असतं की वस्तू ‘तिथली’ कधी मानायची. कधी अट असते की तिथे ठरावीक टक्के मूल्यवर्धन झालं पाहिजे, कधी अशी की कच्चा माल आणि तयार माल वेगवेगळ्या वर्गात मोडले पाहिजेत. आणि ते सिद्ध करायला मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे नसेल तर करार असूनही पूर्ण शुल्क भरा.

या अटींत फट राहिली की काय होतं ते श्रीलंकेच्या करारात दिसलं. तो २००० मध्ये लागू झाला आणि काही वर्षांतच तिथून भारतात वनस्पती तुपाचा ओघ सुरू झाला. श्रीलंकेत त्यासाठीचं तेल पिकत नव्हतं. पाम तेल बाहेरून कमी शुल्कात आणायचं, तिथे प्रक्रिया करायची आणि शुल्कमुक्त भारतात पाठवायचं, एवढाच खेळ. इथल्या कारखान्यांनी ओरड केल्यावर मर्यादा घालाव्या लागल्या.

अमिरातीच्या करारात त्याहून गमतीचा प्रकार घडला. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एक टीप आहे. मिश्रधातूत प्लॅटिनम वजनानं दोन टक्के किंवा जास्त असेल तर तो मिश्रधातू प्लॅटिनमचा धरायचा. म्हणजे ९६ टक्के सोनं आणि चार टक्के प्लॅटिनम असलेली लगड कागदोपत्री प्लॅटिनम! करारात प्लॅटिनमला सवलत होती, सोन्यावर मात्र भारताचं शुल्क भरभक्कम. झवेरी बाजारातल्या पोराटोरालाही कळेल असं गणित. सोनं प्लॅटिनमच्या नावानं येऊ लागलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणलं तेव्हा त्यातली मलई बरीच कमी झाली, आणि पुढे अशा मिश्रधातूंच्या आयातीवर निर्बंध आले. हजारो पानांच्या करारात अशी एखादी ओळ राहून जाते आणि ती पहिल्यांदा सापडते व्यापाऱ्याला. सरकारला उशिरा.

द्राक्ष आणि ०.०१ मिलिग्रॅम

शुल्क शून्य झालं तरी माल आत जाईलच असं नाही, हे महाराष्ट्रात द्राक्षवाल्यांइतकं कोणाला ठाऊक नसेल. युरोपात प्रत्येक रसायनाची उर्वरित अंशाची मर्यादा ठरलेली आहे. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा सांगितलेली नाही त्याला सरसकट मर्यादा एका किलोला ०.०१ मिलिग्रॅम. शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडले आणि खळबळ उडाली. त्यानंतर अपेडानं, म्हणजे शेतमाल निर्यातीला चालना देण्यासाठी १९८५ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या केंद्राच्या संस्थेनं, २००६ मध्ये ग्रेपनेट ही ऑनलाइन व्यवस्था उभी केली. ती कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. निर्यात करायची तर बागायतदारानं कृषी विभागाकडे बागेची नोंदणी करायची. त्या प्लॉटला क्रमांक मिळतो. कोणतं औषध कधी मारलं याची वही ठेवायची. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, बागायतदारानं पिशवीत भरून आणलेला चालत नाही. अहवाल थेट संगणकावर चढतो. एखादं रसायन मर्यादेबाहेर गेलं तर तो प्लॉट तिथेच अडतो, कितीही ओळख असली तरी. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्या तपासण्यांवर नजर ठेवतं. तिथून पुढे नोंदणीकृत पॅकहाउस, प्री-कूलिंग, अ‍ॅगमार्क, फायटो म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आणि मग न्हावाशेवाहून कंटेनर. रॉटरडॅमच्या एखाद्या दुकानातल्या पेटीवरून दिंडोरीचा की तासगावचा, नेमका कोणता प्लॉट, हे शोधता येतं.

एवढं असूनही २०१० मध्ये फटका बसलाच. सीसीसी नावाचं वाढ आवरणारं संजीवक एप्रिल छाटणीनंतर वेलींवर फवारायची पद्धत होती. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, म्हणून इथे अहवाल स्वच्छ. युरोपात त्याची तपासणी झाली आणि मर्यादेपेक्षा जास्त अंश निघाले. कंटेनर बंदरात पडून राहिले, भाव कोसळले आणि नाशिक-सांगलीच्या कित्येक निर्यातदारांचं आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. चूक बागायतदाराची म्हणावी, तर त्याला ते मारू नको असं कोणी सांगितलं होतं? पुढच्या हंगामापासून यादी वाढली. निर्यातीला चालना म्हणतात त्यातला बराच भाग अशा याद्या वेळेवर वाढवण्याचा आहे, असं माझं मत आहे.

आंब्याच्या बाबतीत युरोपनं असाच धडा दिला. २०१३ मध्ये २०७ खेपांमध्ये फळमाशी वगैरे किडी सापडल्या आणि १ मे २०१४ पासून भारतीय आंबा, कारली, वांगी, पडवळ आणि अळू यांना युरोपचं दार बंद झालं. ऐन हंगामात. गरम पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया आणि मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच पॅकिंग सक्तीचं केल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

पैसे देऊन निर्यात वाढवता येते का?

सरळ अनुदान देऊन टाकावं, असं कोणालाही सुचेल. पण जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत निर्यातीवर अवलंबून असलेलं अनुदान बसत नाही. आपल्या अशा काही योजनांविरुद्ध अमेरिकेनं तक्रार केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. मग त्यांतली मोठी योजना जाऊन २०२१ पासून रोडटेप आली. निर्यातीच्या मालात मुरलेले, दुसरीकडून परत न मिळणारे कर, जसे की वाहतुकीच्या डिझेलवरचा कर, तेवढे परत करायचे. बक्षीस नाही, परतावा. साखरेचंही तेच. डिसेंबर २०२१ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर भारताविरुद्ध निकाल लागला. भारतानं अपील केलं, पण तिथलं अपील मंडळ न्यायाधीशांच्या नेमणुकांअभावी बंदच आहे. त्यामुळे प्रकरण लटकलेलं. सध्या ते आपल्या सोयीचंच म्हणायचं.

याशिवाय काही मदत आहे जी फार गाजत नाही पण उपयोगी पडते. मुंबईत मुख्यालय असलेली ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून निर्यातदारांना विमा देते. परदेशी गिऱ्हाइकानं पैसे बुडवले किंवा त्याच्या देशात युद्ध झालं तर नुकसानीचा मोठा भाग ती भरते. पहिल्यांदा माल पाठवणारे बहुतेकजण हा विमा घेत नाहीत, आणि पहिल्यांदाच बुडतात.

आणि मग कांदा. एकीकडे निर्यात वाढवा म्हणायचं आणि दुसरीकडे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्काचं ओझं घेऊन, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. शहरातला भाव आवरायला सरकारला हे करावं लागतं, ही बाजूही मान्य. पण बांगलादेश, मलेशिया, आखातातल्या व्यापाऱ्यानं त्या काळात काय करायचं? त्यानं दुसरीकडून कांदा घेतला. गेलेलं गिऱ्हाईक बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येऊन उभं राहत नाही. करार करायला चार वर्षं लागतात, त्यावर पाणी ओतायला एक अधिसूचना पुरते.

गुंतवणूक: आकडा कशाचा आहे ते बघा

परदेशी कंपनीनं इथे कारखाना काढला, भारतीय कंपनीचा हिस्सा घेतला की ती थेट परकीय गुंतवणूक. बहुतेक क्षेत्रांत आता आधी परवानगी लागत नाही, पैसे आले की रिझर्व्ह बँकेला कळवायचं. परवानगी देणारं जुनं मंडळ २०१७ मध्ये बरखास्त झालं. अपवाद म्हणजे संरक्षणासारखी काही क्षेत्रं, आणि एप्रिल २०२० पासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेले देश. नियमात चीनचं नाव नाही, रोख कोणाकडे ते सगळ्यांना समजलं.

२०२४-२५ मध्ये देशात एकूण सुमारे ८१ अब्ज डॉलर आले आणि भागभांडवलाच्या रूपानं आलेल्या पैशात ३९ टक्के वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे सगळ्यात मोठा. अभिमान वाटावा असा आकडा आहे. फक्त हे लक्षात ठेवायचं की कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल तर पैसा महाराष्ट्राच्या खात्यावर दिसू शकतो, कारखाना भले दुसऱ्या राज्यात उभा राहो. देशांच्या यादीतही सिंगापूर आणि मॉरिशस वर दिसतात, ते तिथले लोक इतके श्रीमंत आहेत म्हणून नव्हे, तर इतर देशांतला पैसा त्या वाटेनं येतो म्हणून.

दरवर्षी जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या दावोसहून, तिथल्या जागतिक आर्थिक परिषदेतून, बातम्या येतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं तिथे १५ लाख कोटी रुपयांहून जास्तीचे सामंजस्य करार जाहीर केले. सामंजस्य करार म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम. पोहे झाले, दोन्हीकडून होकाराची भाषा झाली, पण लग्न लागलं असं कोणी म्हणत नाही. कायद्यानं तो सहसा कोणालाच बांधत नाही. त्यातले कित्येक करार तर भारतीय कंपन्यांशीच होतात, त्यासाठी आल्प्समध्ये का जावं लागतं हा प्रश्न विरोधक दरवर्षी विचारतात. सत्ता बदलली की विचारणारे बदलतात. बातमी वाचताना शोधायचं ते एवढंच: जमिनीचं वाटपपत्र झालं का, पर्यावरण परवानगी आली का, पैसा बँकेत उतरला का. चाकणला जर्मन, कोरियन, अमेरिकी कंपन्या आल्या त्या जवळचं बंदर, पुण्यातले इंजिनिअर आणि सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने बघून. सवलती होत्याच, पण नुसत्या सवलतींवर कोणी येत नाही. आणि तिथल्याच रोजच्या वाहतूक कोंडीत ट्रक तासन्‌तास उभे राहतात, तेव्हा तेही कोणीतरी हिशेबात धरतंच.

या सगळ्यात मला सर्वांत कुतूहल वाटतं ते स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेल्या कराराचं. १० मार्च २०२४ ला सह्या झाल्या आणि १ ऑक्टोबर २०२५ ला तो लागू झाला. त्यात शुल्काची देवाणघेवाण आहेच. पण स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२४ पासून कारखान्यातल्या मालावरचं शुल्क सगळ्यांसाठीच काढून टाकलं होतं, म्हणजे तिथे आपल्याला नवीन काय मिळालं? भारतानं म्हणून वेगळीच गोष्ट मागून घेतली. पहिल्या दहा वर्षांत ५० अब्ज आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० अब्ज डॉलरची थेट गुंतवणूक वाढवायचं आणि दहा लाख नोकऱ्यांना हातभार लावायचं उद्दिष्ट करारातच लिहून घेतलं. शेअर बाजारात येणारा-जाणारा पैसा यात धरलेला नाही. ते जमलं नाही तर आधी चर्चेच्या फेऱ्या, वाढीव मुदत आणि त्यानंतर भारताला आपल्या काही सवलती तात्पुरत्या मागे घेता येतात.

मेख अशी की हे पैसे त्या देशांचं सरकार गुंतवणार नाही, तिथल्या खासगी कंपन्या गुंतवणार, आणि त्यांना कोणतंही सरकार हुकूम देऊ शकत नाही. स्विस घड्याळं आणि चॉकलेटं टप्प्याटप्प्यानं स्वस्त होतील ती ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे. गुंतवणुकीचा पहिला मोठा हिशेब मात्र लागणार २०३५ च्या सुमारास, आणि तोवर औषधांच्या किंवा यंत्रांच्या एखाद्या स्विस कंपनीनं महाराष्ट्रात जागा बघितलीच, तर ती विचारणार वीज कितीला, सातबारा निर्वेध आहे का, आणि परवानगी किती महिन्यांत मिळते.